आधी किल्लीची प्रत, मगच कुलूप

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

संगणकावरच्या फाइली एन्क्रिप्ट करा, म्हणजेच कुलूपबंद करा, असा सल्ला सध्या सगळीकडून मिळतो आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम यांमुळे करसल्लागार, दवाखाने, पतसंस्था, खासगी क्लासेस अशा सर्वांवर ग्राहकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी येत आहे. नियमांत एन्क्रिप्शनचा उल्लेख नावानिशी आहे आणि सुरक्षेत हयगय झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. सल्ला योग्यच आहे. पण त्यातले पहिले पाऊल कोणी सांगत नाही. सोलापुरात संगणक दुरुस्ती आणि डेटा रिकव्हरीचे काम करणारे आम्ही काही तंत्रज्ञ हे पत्र तेवढ्यासाठी लिहीत आहोत. कुलूप घालण्याआधी किल्लीची प्रत काढा, ती चालते का ते पाहा, आणि मगच कुलूप घाला.

पासवर्ड आणि किल्ली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे नीट समजले की पुढचे सगळे सोपे जाते. फाइल प्रत्यक्षात बंद होते ती संगणकाने स्वतः तयार केलेल्या १२८ किंवा २५६ बिटांच्या संख्येने. ही संख्या कोणाच्या लक्षात राहण्यासारखी नसते. म्हणून संगणक ती दुसऱ्या एका किल्लीने बंद करून डिस्कवरच ठेवतो, आणि ही दुसरी किल्ली आपल्या पासवर्डने किंवा मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या चिपने उघडते. मोठ्या तिजोरीची किल्ली छोट्या पेटीत आणि त्या पेटीची किल्ली आपल्या कनवटीला, अशी ही रचना आहे. छोटी पेटी जळाली तर कनवटीची किल्ली शाबूत असूनही तिजोरी उघडत नाही. ‘पासवर्ड तर मला पाठ आहे’ असे सांगणाऱ्या माणसाच्या फाइली जातात त्या इथे.

आणि एकदा गेल्या की त्या परत येत नाहीत. खराब झालेल्या हार्ड डिस्कवरून, डिलीट झालेल्या फोल्डरमधून, पाण्यात पडलेल्या पेन ड्राइव्हमधूनही बऱ्याचदा काही ना काही हाती लागते. किल्ली नसलेल्या एन्क्रिप्टेड फाइलीतून काहीही लागत नाही. १२८ बिटांच्या शक्यता ३४ वर ३७ शून्ये एवढ्या भरतात. त्या एकेक करून तपासणारा संगणक जगात नाही. टीपीएम पुसले गेल्यावरही ‘अमुक हजारांत बिटलॉकर (विंडोजमधले डिस्कचे कुलूप) तोडून देतो’ असे कोणी म्हणाले, तर त्याला पैसे देऊ नका.

आता सर्वांत जास्त लोकांना लागू पडणारी गोष्ट. तुमचा लॅपटॉप कदाचित आधीच कुलूपबंद असेल आणि तुम्हाला त्याची कल्पनाही नसेल. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाची सोय आहे. बिटलॉकरचेच हे साधे रूप, आणि ते होम आवृत्तीतही असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून त्यासाठी लागणाऱ्या हार्डवेअरच्या अटी सैल झाल्या. नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले की बहुतेक मशीनवर हे आपोआप चालू होते. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ आणि त्यात ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ उघडून पाहा. तिथे ‘ऑन’ दिसले तर हे पत्र तुमच्यासाठीच आहे.

रोजच्या वापरात टीपीएम चिप किल्ली परस्पर देते, म्हणून काही जाणवत नाही. पण चिपला मशीनमध्ये बदल दिसला की ती किल्ली द्यायला नकार देते आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागितली जाते. हा बदल कशाने होतो? बायोस (संगणक चालू होताना सर्वांत आधी चालणारी मूळ प्रणाली) अपडेट केला, त्यातली ‘सिक्युअर बूट’ ही सुरक्षेची सोय बंद केली, मदरबोर्ड बदलला, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली. कधी नुसती मदरबोर्डवरची सीआर २०३२ ची बटण सेल उतरते, बायोस मूळ सेटिंगवर जाते, त्यात टीपीएम बंद पडते, आणि सकाळी चालू केलेला संगणक किल्ली मागू लागतो. एएमडी प्रोसेसरच्या काही डेस्कटॉपवर बायोस अपडेटनंतर किंवा प्रोसेसर बदलल्यावर इंग्रजीत सूचना येते: टीपीएम रीसेट करायचे असेल तर ‘वाय’ दाबा, नसेल तर ‘एन’. डिस्क बिटलॉकरने बंद आहे आणि किल्ली हाताशी नाही, अशा वेळी ‘एन’च दाबायचे. घाईत दाबलेल्या ‘वाय’ने चिपमधली किल्ली पुसली जाते, आणि मग मदार उरते ती फक्त त्या ४८ अंकांवर.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. त्या दिवशी उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकायची. पण डिस्क बिटलॉकरने बंद असलेल्या मशीनवर तिथवर पोचायलाच रिकव्हरी की लागत होती, आणि कित्येक ठिकाणी किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती तोच बंद पडलेला होता. मोठ्या कंपन्यांची ही गत, तर आपल्या घरच्या लॅपटॉपची काय कथा!

ही ४८ अंकी किल्ली मिळवायची कशी? प्रो आवृत्ती असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बिटलॉकर ड्राइव्ह एन्क्रिप्शन’ उघडून ‘बॅकअप युअर रिकव्हरी की’ निवडा. होम असेल तर कमांड प्रॉम्प्ट ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि इंग्रजीत ‘मॅनेज-बीडीई’, मग जागा सोडून ‘-प्रोटेक्टर्स’, पुन्हा जागा सोडून ‘-गेट’ आणि शेवटी ‘सी:’ असे टाइप करा. ‘न्यूमरिकल पासवर्ड’ या नावाखाली आधी एक आयडी आणि त्याखाली सहा-सहा अंकांचे ८ गट दिसतील. दोन्ही उतरवून घ्या. किल्ली मागणाऱ्या पडद्यावर या आयडीची पहिली ८ अक्षरे दिसतात, आणि कोणता कागद कोणत्या डिस्कचा हे त्यांवरूनच कळते. डी ड्राइव्हही बंद असेल तर त्याची किल्ली वेगळी असते. फक्त सीची किल्ली जपून ठेवणारे पुष्कळ भेटतात. आयुष्यभराचे फोटो आणि हिशेब मात्र डीवर असतात.

ज्या डिस्कला कुलूप लागणार तिच्यावरच किल्लीची फाइल ठेवू पाहिली तर विंडोज नकार देते. तरी लोक ‘प्रिंट’ निवडतात, प्रिंटरऐवजी पीडीएफ करतात आणि ती पीडीएफ ‘डॉक्युमेंट्स’मध्ये, त्याच डिस्कवर ठेवतात. प्रत काढल्याचे समाधान मिळते, प्रत मात्र कुलपाच्या आत अडकते.

हाताने उतरवलेले अंक तपासायची एक सोपी रीत आहे. सहा अंकांच्या प्रत्येक गटाला ११ ने नि:शेष भाग जातो. बिटलॉकरची किल्ली मुळात तशीच बनवलेली असते. उदाहरणार्थ १३५७८४ भागिले ११ बरोबर १२३४४. घाईत शेवटचे दोन अंक उलटे पडून १३५७४८ लिहिले गेले तर बाकी ८ उरते आणि चूक तिथेच सापडते. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ही तपासणी हमखास पकडते. एकाआड एक असलेल्या दोन अंकांची अदलाबदल मात्र निसटते, म्हणून भागाकार झाल्यावर एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने कागदावर बोट ठेवून पाहावे. आपल्याकडे आणखी एक धोका आहे. वडीलधारी मंडळी आकडे देवनागरीत लिहितात, आणि घाईत काढलेला देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. किल्लीच्या कागदावर आकडे इंग्रजीच काढा, सुटे आणि मोठे.

‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप चालू झाले असेल तर किल्लीची एक प्रत मायक्रोसॉफ्ट खात्यातही जाते. दुसऱ्या कोणत्याही संगणकावर किंवा मोबाइलवर त्या खात्यात शिरून ‘एकेए डॉट एमएस स्लॅश मायरिकव्हरीकी’ हा पत्ता उघडला की ती दिसते. प्रश्न एवढाच, की खाते कोणाचे? नवा लॅपटॉप दुकानातच चालू करून दिला जातो. गिऱ्हाईक घाईत असते, त्याच्याकडे ईमेल पाठ नसतो, मग दुकानातला मुलगा दुकानाचा किंवा त्याच क्षणी बनवलेला कुठलातरी ईमेल टाकून मोकळा होतो. किल्ली त्या खात्यात जाते. दोन वर्षांनी निळा पडदा येतो तेव्हा तो मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो आणि तो ईमेल कोणालाच आठवत नाही. कॉलेजच्या किंवा कंपनीच्या ईमेलने साइन-इन केले असेल तर किल्ली त्या संस्थेच्या ताब्यात असते. शिक्षण संपल्यावर ते खातेच बंद होऊ शकते. म्हणून खात्यातली प्रत असली तर उत्तम, पण तिच्यावर विसंबू नका.

बायोस अपडेट करायचा असेल तर आधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करावे. होम आवृत्तीत वर सांगितलेल्याच आज्ञेत ‘-गेट’च्या जागी ‘-डिसेबल’ लिहायचे. डिस्क उलगडली जात नाही, फक्त पुढच्या एका रीस्टार्टपुरती राखण थांबते आणि नंतर आपोआप पुन्हा चालू होते. बिटलॉकर पूर्ण ‘टर्न ऑफ’ करून पुन्हा चालू केले तर मात्र किल्ली नवी बनते आणि जुना कागद रद्दी होतो. त्या वेळी नवा कागद करणे आलेच.

आता ईएफएस, म्हणजे ‘एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टिम’: पूर्ण डिस्कऐवजी निवडक फाइली आणि फोल्डर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. आमच्या मते घरच्या आणि छोट्या कार्यालयातल्या संगणकावर सर्वांत घातक ठरते ती हीच, कारण चालू करायला सर्वांत सोपी आहे. विंडोज २००० पासून ती आहे. होम आवृत्तीत नसते. फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘अॅडव्हान्स्ड’, तिथे ‘एन्क्रिप्ट कंटेंट्स टू सिक्युअर डेटा’वर एक टिचकी, की झाले. पासवर्डही विचारत नाही. त्या क्षणी विंडोज तुमच्या नावाने एक प्रमाणपत्र आणि एक खासगी किल्ली बनवते आणि सी ड्राइव्हवरच्या तुमच्या प्रोफाइलमध्ये ठेवते. ती खासगी किल्ली तुमच्या लॉग-इन पासवर्डाने बंद असते. कोपऱ्यात सूचनाही येते, किल्लीची प्रत घ्या म्हणून, आणि तिच्यात तीन पर्याय असतात: आत्ता घ्या, नंतर घ्या, कधीच नको. बहुतेक लोक दुसरा निवडतात.

मग संगणक मंदावतो आणि दुरुस्तीला जातो. आपल्या गावात ठरलेले वाक्य आहे: ‘सी फॉरमॅट मारा, डीला हात लावू नका, डेटा तिथेच आहे.’ विंडोज मारून होते. डीवरच्या फाइली जागच्या जागी दिसतात, नावे दिसतात, आकार दिसतो, आणि उघडायला गेले की ‘अॅक्सेस डिनाइड’. नव्या विंडोजमध्ये तेच नाव आणि तोच पासवर्ड ठेवला तरी उपयोग नाही, कारण खासगी किल्ली जुन्या सी ड्राइव्हबरोबर पुसली गेली. ‘टेक ओनरशिप’ करून फाइलची मालकी आपल्या नावावर करता येते, पण फाइल उलगडत नाही. विंडोज २००० मध्ये अॅडमिनिस्ट्रेटरला आपोआप राखीव किल्ली मिळत असे. एक्सपीपासून स्वतंत्र संगणकावर ती सोय राहिलेली नाही.

दुसरा अपघात पासवर्डाचा. तुम्ही स्वतः लॉग-इन होऊन पासवर्ड बदलला तर विंडोज किल्ली नव्या पासवर्डाने पुन्हा बंद करते, काही बिघडत नाही. पण विसरलेला पासवर्ड दुसऱ्या अॅडमिन खात्यातून किंवा पासवर्ड उडवणाऱ्या पेन ड्राइव्हने रीसेट केला, तर किल्ली जुन्याच पासवर्डाने बंद राहते आणि ईएफएस फाइली उघडत नाहीत. जुना पासवर्ड आठवला तर तोच पुन्हा लावून पाहावा, फाइली परत उघडू शकतात. विंडोज मारल्यानंतर चूक लक्षात आली तर संगणक ताबडतोब बंद करा. ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर असेल तर त्यात जुनी प्रोफाइल सापडू शकते, आणि जुना पासवर्ड माहीत असेल तर जाणकाराच्या हातून किल्ली निघण्याची शक्यता उरते. हा फोल्डर विंडोज साधारण १० दिवसांनी स्वतःच काढून टाकते.

हे टाळायचे तर क्रम असा ठेवा. खऱ्या फाइलींना हात लावण्याआधी सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘चाचणी’ नावाचे फोल्डर करा, त्यात एक फालतू टेक्स्ट फाइल ठेवा आणि फक्त तेवढे फोल्डर एन्क्रिप्ट करा. प्रमाणपत्र तयार होते. मग ‘सर्टएमजीआर डॉट एमएससी’ चालवा, ‘पर्सनल’मध्ये ‘सर्टिफिकेट्स’ उघडा, आणि ज्याच्यापुढे उद्देश म्हणून ‘एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टिम’ लिहिले आहे त्यावर राइट क्लिक करून ‘ऑल टास्क्स’, ‘एक्स्पोर्ट’. पुढच्याच पडद्यावर खरी मेख आहे. खासगी किल्लीही हवी का, या प्रश्नाला ‘नो’ आधीच निवडलेले असते. ते बदलून ‘येस’ करायचे. ‘नो’ राहिले तर ‘.सीईआर’ फाइल निघते आणि तिने काहीही उघडत नाही. ‘येस’ने निघते ती ‘.पीएफएक्स’, तीच आपल्याला हवी. त्यापुढच्या पडद्यावर ‘एक्स्पोर्ट यशस्वी झाल्यास खासगी किल्ली काढून टाका’ अशा अर्थाची चौकट असते, तिच्यावर चुकूनही टिचकी नको. एन्क्रिप्शनचा प्रकार विचारला तर ‘एईएस२५६’ चांगला, पण ती फाइल विंडोज ७ सारख्या जुन्या संगणकावर उघडणार नाही. पासवर्ड द्या आणि फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा. काही केबींचीच असते.

आता ती चालते का ते पाहा. संगणकावर दुसरे वापरकर्ता खाते तयार करा, त्यातून चाचणीची फाइल उघडा. नकार आला पाहिजे. मग तिथेच पीएफएक्सवर डबल क्लिक करून, पासवर्ड देऊन ती आत घ्या आणि फाइल पुन्हा उघडा. उघडली तर प्रत खरी. हे दुसरे खाते काढून टाका, आणि मगच खरी फोल्डर एन्क्रिप्ट करा. हे प्रमाणपत्र १०० वर्षांच्या मुदतीचे असते, त्यामुळे ते संपण्याची भीती नाही. पण नवे विंडोज बसवल्यावर नवे प्रमाणपत्र बनते आणि जुन्या फाइली जुन्याच किल्लीच्या राहतात, म्हणून एकही पीएफएक्स टाकून देऊ नका. कोणती फाइल कोणत्या प्रमाणपत्राची हे ‘सायफर /सी’ आणि पुढे फाइलचे नाव दिल्यास थंबप्रिंटवरून, म्हणजे प्रमाणपत्राच्या ओळखखुणेवरून, कळते.

व्हेराक्रिप्ट हे डिस्क किंवा फाइली कुलूपबंद करणारे वेगळे सॉफ्टवेअर. ते वापरणारे थोडे, पण सावध लोक असतात. तशाच ट्रूक्रिप्ट या सॉफ्टवेअरचे काम मे २०१४ मध्ये थांबल्यावर त्याची जागा याने घेतली. इथे जपायचे असते ते हेडर. डिस्कच्या किंवा कंटेनर फाइलच्या (जिच्यात बाकीच्या फाइली बंद करून ठेवतात तिच्या) अगदी सुरुवातीला असलेल्या या छोट्या भागात मुख्य किल्ली असते, आणि तो बिघडला तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. बिघडतो कसा? पूर्ण एन्क्रिप्ट केलेली डिस्क लावली की विंडोजला ती कोरी वाटते आणि ते ‘फॉरमॅट करू का’ विचारते. घरातले कोणीतरी ‘हो’ म्हणते. डिस्कच्या शेवटच्या भागात एक राखीव हेडर असते, पण पार्टिशनचा आकार बदलला तर ते जागेवर सापडत नाही. ‘टूल्स’मधून ‘बॅकअप व्हॉल्यूम हेडर’ करून ती फाइल वेगळ्या ठिकाणी ठेवा. ती वापरायला पासवर्ड लागतोच. विंडोजची डिस्कच एन्क्रिप्ट केली असेल तर असे राखीव हेडर नसते, तिथे ‘रेस्क्यू डिस्क’ हाच आधार. पासवर्ड बदलला की हेडरची प्रत आणि रेस्क्यू डिस्क दोन्ही नव्याने करा आणि जुन्या नष्ट करा, कारण जुनी प्रत जुन्या पासवर्डाने अजूनही डिस्क उघडू शकते. की-फाइल (पासवर्डाच्या जोडीला किल्ली म्हणून लावलेली फाइल) वापरत असाल तर तिचे पहिले १०२४ केबी एका बिटानेही बदलता कामा नयेत. एमपी३ गाणे की-फाइल म्हणून ठेवले आणि प्लेअरने त्याची माहिती दुरुस्त केली की दार कायमचे बंद.

लिनक्सवर एलयूकेएस या तिथल्या डिस्क-कुलपाचे हेडर ‘क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप’ने काढून ठेवा आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये एक जास्तीचा पासवर्ड घाला. मॅकवर फाइलव्हॉल्ट या तिथल्या डिस्क-कुलपाची रिकव्हरी की २४ अक्षरांची असते, तीही कागदावर.

सोलापूरच्या व्यापाऱ्यांसाठी एक खास सूचना. चादर-टॉवेलच्या कारखान्यापासून किराणा होलसेलपर्यंत सगळ्यांचे हिशेब टॅलीत असतात. त्यातला ‘टॅलीव्हॉल्ट’ पासवर्ड हा नुसता लॉग-इनचा पासवर्ड नसून त्याने कंपनीचा डेटाच एन्क्रिप्ट होतो. तो विसरला तर कोणीही, अगदी टॅली कंपनीही, तो परत काढून देत नाही. मुनीमजींनी तो लावला आणि मुनीमजी बदलले, तर हिशेब बंद. फाइली दाबून एकत्र बांधणाऱ्या सेव्हन-झिपच्या पासवर्डाचेही तेच: त्याला वेगळी किल्ली नसते, पासवर्ड हीच किल्ली. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनची गोष्ट उलटी आहे. त्यातली खासगी किल्ली बाहेर काढताच येत नाही, तशी सोयच नाही. टोकन हरवले तर नवे प्रमाणपत्र घ्यायचे. जुन्या सह्या तपासायला त्याची गरज पडत नाही.

किल्ली आणि कुलूप एका जागी नकोत, हा साठवणीचा पहिला नियम. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवलेला किल्लीचा कागद चोराला आयताच मिळतो. दोन कागद करा. एक घरच्या कपाटात, दुसरा बँक लॉकरमध्ये किंवा बार्शी-पंढरपूरला असलेल्या भावा-बहिणीकडे. कागदावर लॅपटॉपचा मॉडेल, ड्राइव्हचे अक्षर, आयडीची पहिली ८ अक्षरे आणि तारीख लिहा. साधा कागद आणि बॉलपेन, किंवा लेझर प्रिंट. दुकानातल्या बिलाच्या थर्मल प्रिंटरवर किल्ली छापू नका: त्यावरची अक्षरे उष्णतेने आणि उजेडाने उडतात, आणि टिकावी म्हणून लॅमिनेट करायला गेलात तर मशीनच्या उष्णतेने सगळा कागद काळा होतो. पीएफएक्स आणि हेडरच्या फाइली दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा, एकाच कंपनीच्या एकाच वेळी घेतलेल्या नकोत. सोलापूरच्या उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर पेन ड्राइव्ह ठेवणे म्हणजे तो गमावण्याची तयारी. मोबाइलने किल्लीचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवणे हा आमच्या मते वाईट मार्ग: फोटो आपोआप दुसऱ्या चार ठिकाणी चढतो, आणि फोन गेला की नेमका हवा तेव्हा मिळत नाही. वर्षातून एकदा, गड्ड्याची यात्रा ही खूण धरून, पेन ड्राइव्ह लावून फाइली उघडतात का ते पाहा आणि कागदावरचा आयडी संगणकावरच्या आयडीशी ताडून पाहा. घरातल्या दुसऱ्या एका माणसाला हे कागद कुठे आहेत ते माहीत असलेच पाहिजे. कर्त्या माणसाच्या पश्चात विम्याचे आणि जमिनीचे स्कॅन केलेले कागद लॅपटॉपमध्येच अडकून पडू नयेत.

किल्लीबरोबर खुद्द फाइलींचीही एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतलेली असावी. बिटलॉकरचे काम वीज गेली तरी पुढे तिथूनच सुरू होते, पण जुन्या हार्ड डिस्कवर खराब सेक्टर असतील तर संपूर्ण डिस्क लिहून काढताना ती मान टाकू शकते. आधी ‘चेकडिस्क’ चालवा आणि यूपीएस किंवा चार्जर लावूनच बसा.

आपल्या दैनिकामार्फत तीन विनंत्या. लॅपटॉप विक्रेत्यांनी मशीन गिऱ्हाइकाच्याच ईमेलवर चालू करून द्यावे, आणि बिलासोबत रिकव्हरी कीचा छापील कागद त्याच्या हाती ठेवून स्वतःकडे प्रत ठेवू नये. एमएस-सीआयटीच्या केंद्रांनी टायपिंग आणि एक्सेलच्या जोडीला ही अर्ध्या तासाची गोष्ट प्रत्यक्ष करून दाखवावी. आणि आमच्या व्यवसायबंधूंनी बायोस अपडेट, मदरबोर्ड बदल किंवा फॉरमॅट करण्यापूर्वी दोन गोष्टी विचारल्याशिवाय स्क्रू काढू नये: डिस्क एन्क्रिप्टेड आहे का, आणि किल्ली कुठे आहे. जॉब कार्डावर फक्त आयडीची ८ अक्षरे लिहावीत, किल्ली नव्हे. दुरुस्तीसाठी गिऱ्हाइकाने किल्ली सांगितलीच असेल, तर मशीन परत देताना नवा रिकव्हरी पासवर्ड तयार करून, तो त्याला लिहून देऊन, मग जुना काढून टाकावा. क्रम उलटा करू नये.

आपले,
सोलापुरातील संगणक दुरुस्ती व डेटा रिकव्हरीचे काम करणारे काही तंत्रज्ञ